गोपाचल : पाषाणात कोरलेला, कंठात जपलेला वारसा

(‘दुर्ग आणि संस्कृती’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



दुर्ग हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांसमोर रायगड, राजगड, प्रतापगड उभे राहतात. शिवछत्रपतींच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या या गडांविषयी आपल्या मनात जी भक्ती आहे, ती स्वाभाविकच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तेव्हा प्रत्येक मराठी मनाला कृतार्थ वाटले. त्या यादीत महाराष्ट्राबाहेरचा, तामिळनाडूतील जिंजीचा किल्लाही आहे. दुर्गांची कथा एका प्रांतापुरती नसते, हे त्यातून पुन्हा एकदा स्पष्ट झाले.

आज मी आपणांस आणखी एका दूरच्या, तरीही आपल्याशी अत्यंत जवळचे नाते असलेल्या दुर्गाकडे नेणार आहे. तो दुर्ग म्हणजे ग्वाल्हेर. प्राचीन शिलालेखांतील त्याची नावे गोपगिरी, गोपाद्री, गोपाचल अशी आहेत.

कोणत्याही दुर्गाचे दोन इतिहास असतात. एक सत्तेचा. गड कोणी बांधला, कोणी वेढला, कोणी जिंकला, कोणी गमावला, हा तो इतिहास. पाठ्यपुस्तकात आपण बहुधा एवढाच शिकतो. दुसरा इतिहास सृजनाचा. त्या गडावर काय घडवले गेले, काय गायिले गेले, काय लिहिले गेले, आणि त्यातले आज काय उरले आहे, हा प्रश्न त्या इतिहासाचा आहे. ग्वाल्हेरचा पहिला इतिहास पराक्रमाचा आहे, तसाच वेदनेचाही आहे. परंतु राष्ट्र म्हणून आपल्याला काही शिकायचे असेल, तर ते त्याच्या दुसऱ्या इतिहासातून. म्हणून आज त्यावर अधिक बोलणार आहे.

मैदानात उभा राहिलेला गड

सभोवतालच्या सपाट प्रदेशातून वालुकाश्माची एक टेकडी सुमारे ३०० फूट उंच एकदम वर आलेली आहे. तिची लांबी अडीच किलोमीटरहून अधिक; रुंदी मात्र बेताची. बाजूचे कडे ठिकठिकाणी तासून सरळ केलेले. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या मार्गावर नजर ठेवणारा असा हा दुर्ग असल्यामुळे ज्याला माळवा आणि दक्षिण हवी, त्याला ग्वाल्हेर हवेच, असे समीकरण शतकानुशतके राहिले. गडावर पाण्याची तळी आहेत. त्यांतील सूरजकुंडाशी जोडलेली कथा प्रसिद्ध आहे. सूरजसेन नावाच्या राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा नावाच्या साधूने दिलेल्या पाण्याने बरा झाला आणि राजाने साधूच्या नावाने गड वसवला, असे लोक सांगतात. कथा कथेच्या जागी ठेवू या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या गडाचे नाव लोकस्मृतीने राजाशी न जोडता एका साधूशी जोडले.

लेखी पुरावाही तितकाच बोलका आहे. हूण राजा मिहिरकुलाच्या १५ व्या राज्यवर्षातील, म्हणजे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेख येथे सापडला. त्यात मातृचेट नावाच्या व्यक्तीने या गोप पर्वतावर सूर्यमंदिर उभारल्याची नोंद आहे. हूण हे आक्रमक म्हणून आले होते. त्यांच्याच राजवटीत या पर्वतावर सूर्याचे देवालय उभे राहते आणि त्याची नोंद संस्कृतात होते. आलेल्याला आपलेसे करण्याची या भूमीची शक्ती येथे प्रथम दिसते.

पन्नास माळा आणि एक शून्य

पुढे कनोजच्या गुर्जर-प्रतिहारांचे साम्राज्य आले. त्या काळातील तेली का मंदिर आजही गडावर सर्वांत उंच उभे आहे. त्याची उंची सुमारे १०० फूट. उत्तरेकडील बहुतेक देवालयांना वर निमुळते होत जाणारे शिखर असते. याला मात्र गजपृष्ठासारखे लांबट, गोलाईचे छत आहे. असे छत पाहिले की दक्षिणेतील गोपुरांचा माथा आठवतो. खालची घडण उत्तरेची आणि माथा दक्षिणेची आठवण देणारा, असे हे मंदिर आहे.

परंतु याहून लहान, गडाच्या चढणीवर एका अखंड खडकात कोरलेले एक मंदिर आहे, ते चतुर्भुजाचे. प्रतिहार सम्राट मिहिरभोजाच्या काळात गोपाद्रीचा रक्षक असलेल्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने इ. स. ८७५-७६ च्या सुमारास ते घडवले. त्यातील विक्रम संवत ९३३ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप आहे, २७० हात आणि १८७ हात. त्या बागेतून देवाला रोज ५० माळा अर्पण करण्याची व्यवस्था नोंदवली आहे. २७० आणि ५० या अंकांमधील शून्य आज आपण लिहितो तसेच, लहानशा वर्तुळाचे आहे. दशमान पद्धतीतील शून्याचा हा भारतभूमीवरील सर्वांत प्रसिद्ध कोरीव पुरावा.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हे जगातील सर्वांत प्राचीन शून्य आहे, असे आपल्याकडे अनेकदा उत्साहाने सांगितले जाते. तसे नाही. कंबोडियातील सांबोर येथील शिलालेखात शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३ हे वर्ष शून्यासाठी बिंदू वापरून कोरलेले आहे आणि ते ग्वाल्हेरच्या आधीचे आहे. परंतु त्या कंबोडियातील लेखाचे वर्ष शक संवताचे आहे! समुद्रापलीकडे गेलेल्या भारतीय संस्कृतीच्याच प्रकाशात ते शून्य लिहिले गेले. म्हणजे खरे सांगूनही आपला अभिमान तसूभर कमी होत नाही. उलट, सत्यावर उभा असलेला अभिमान कोणी हलवू शकत नाही. कार्यकर्त्याने ही गोष्ट मनात कायमची धरावी.

त्या शिलालेखातील आणखी एक तपशील मला शून्याइतकाच मोलाचा वाटतो. देवाच्या दिव्यासाठी तेल देण्याची जबाबदारी तेल्यांच्या श्रेणीने घेतली, आणि माळांची जबाबदारी माळ्यांच्या श्रेणीने. त्या लेखात अधिकारी आहे, श्रेष्ठी आहेत, तेली आहेत, माळी आहेत. मंदिर अधिकाऱ्याने कोरले, पण त्यातला दिवा समाजाने तेवत ठेवला. आजच्या माझ्या विवेचनाचे सूत्र या एका ओळीत आहे.

त्यानंतर कच्छपघात वंशाची राजवट आली. त्या काळातील पद्मनाभ विष्णूचे भव्य मंदिर राजा महीपालाच्या वेळी, इ. स. १०९३ मध्ये पूर्णत्वास गेले. लोक त्याला ‘सास-बहू’ म्हणतात. मूळ नाव ‘सहस्रबाहू’ असावे आणि बोलण्यात त्याचे सास-बहू झाले, असे सांगितले जाते. त्याचे शिखर आज नाही. पण मंडपातले स्तंभ, वितानातील एकात एक गुंफलेली वर्तुळे, द्वारशाखेवरील कोरीवकाम पाहताना माणूस बोलायचे विसरतो.

वेढा, जोहार आणि पुनरुत्थान

इ. स. १२३२ मध्ये दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश याने जवळजवळ ११ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा गड घेतला. गडावरच्या स्त्रियांनी शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा अग्नी जवळ केला, अशी परंपरा आहे. गडाच्या उत्तर भागातील जोहर कुंड आजही ती स्मृती सांगते. त्यापुढची दीडशेहून अधिक वर्षे गड दिल्लीच्या ताब्यात राहिला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली. १३९८ मध्ये तैमूरने दिल्लीची राखरांगोळी केली. या धामधुमीत वीरसिंह तोमराने ग्वाल्हेर मुक्त केले. चारही बाजूंना प्रबळ सुलतानशाह्या, मध्ये हे लहानसे राज्य. अशा राज्याने काय करावे? तटबंदी वाढवावी, सैन्य वाढवावे, येईल तो दिवस ढकलावा, असे व्यवहारी माणूस म्हणेल. तोमरांनी तेही केले. पण त्यांनी आणखी काही केले, आणि त्यामुळेच आज आपण त्यांचे नाव घेतो आहोत.

डूंगरेंद्रसिंह आणि त्याचा पुत्र कीर्तिसिंह यांच्या काळात, साधारण १४४० ते १४७३ या वर्षांत, गडाच्या कड्यांवर जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाही दरीतील भगवान आदिनाथांची उभी मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. राजे वैष्णव-शैव परंपरेतले. मूर्ती जैन श्रावकांच्या दानातून. राजाने आपल्या दुर्गाचा कडाच जणू समाजाच्या श्रद्धेसाठी मोकळा करून दिला. याच डूंगरेंद्रसिंहाच्या आश्रयाने विष्णुदास कवीने १४३५ मध्ये महाभारताची कथा लोकभाषेत रचली, आणि याच काळात रइधूसारख्या जैन कवीने अपभ्रंश भाषेत विपुल ग्रंथरचना केली. पंथ वेगळे, भाषा वेगळ्या, पण अधिष्ठान एक, हे आपण भाषणांत म्हणतो. गोपाचलावर ते प्रत्यक्ष जगले गेले.

राजा मानसिंह : निळे हंस आणि नवे गाणे

या परंपरेचा कळस म्हणजे राजा मानसिंह तोमर. १४८६ ते १५१६ अशी ३० वर्षे त्याने राज्य केले. सिकंदर लोदीसारखा शत्रू सतत उशाशी असताना त्याने गडाच्या पूर्व कड्यावर मानमंदिर हा प्रासाद उभारला. सुमारे ३०० फूट लांबीची त्याची पूर्वेकडील भिंत, तिच्यातून पुढे आलेले गोल बुरूज, बुरुजांवर घुमट. भिंत मोठी आहे पण जड वाटत नाही, याचे कारण तिच्यावरील रंग. निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशांनी या भिंतीवर हंसांच्या रांगा, हत्ती, मकर, वाघ आणि केळीची झाडे रेखलेली आहेत. पाचशे वर्षे ऊन-पाऊस झेलून त्यांतला निळा रंग अजून डोळ्यांत भरतो. दुर्गाची भिंत ही शत्रूला दिसणारी पहिली गोष्ट असते. मानसिंहाने त्या भिंतीवर हंस उडवले!

आत दोन चौक आहेत. त्यांच्या भोवती कोरीव खांब, कंसाकार तोडे, जाळ्या. पूर्वेच्या बाजूस जमिनीखाली आणखी दोन मजले आहेत आणि तेथपर्यंत हवा व उजेड पोहोचवण्याची सोय केलेली आहे. पुढे आग्र्याच्या किल्ल्यातील जहांगिरी महाल बांधला गेला, त्याच्या तोड्यांवर आणि घडणीवर ग्वाल्हेरच्या या प्रासादाची छाया आहे, असे कलेतिहासाचे अभ्यासक सांगतात. जिंकणाऱ्यांनी गड घेतला आणि गडाकडून शिल्पही घेतले.

गडाच्या पायथ्याशी गुजरी महाल आहे. मानसिंहाने आपली गुर्जर समाजातील राणी मृगनयनी हिच्यासाठी तो बांधला. आपल्या राई गावातील नदीचे पाणी महालात आणले जावे, अशी तिची अट होती, असे लोक सांगतात. हिंदी साहित्यातील वृंदावनलाल वर्मा यांनी तिच्यावर ‘मृगनयनी’ ही कादंबरी लिहिली. गुजरी तोडी हा राग तिच्या नावाशी जोडणारी परंपरा आहे. गावातली एक मुलगी राणी होते आणि तिच्या समाजाचे नाव राजवाड्याला आणि रागाला मिळते. समरसतेवर आपण पुष्कळ बोलतो, तेव्हा मृगनयनीचे स्मरण ठेवावे.

पण मानसिंहाचे सर्वांत मोठे कार्य दगडात नाही, ते स्वरात आहे. त्या काळापर्यंत दरबारी व देवालयीन गायनात संस्कृत प्रबंधांना प्रतिष्ठा होती. मानसिंहाने ध्रुपदाला राजाश्रय दिला, आणि ते ध्रुपद ग्वाल्हेर-व्रज परिसरातील लोकांच्या भाषेत रचले गेले. त्याने संगीतज्ञांना एकत्र बसवून रागांची चर्चा घडवली आणि ‘मानकुतूहल’ हा ग्रंथ सिद्ध केला. मूळ ग्रंथाचा आशय आज आपल्याला प्रामुख्याने कळतो तो फकीरुल्ला या मोगल सरदाराने औरंगजेबाच्या काळात केलेल्या ‘रागदर्पण’ या फारसी रूपांतरातून. मानसिंहाच्या दरबारातील नायक बख्शू याची ध्रुपदे पुढे शाहजहानच्या काळात ‘सहसरस’ या संग्रहात एकत्र केली गेली. ग्वाल्हेरचा गड गेला, राजा गेला, पण ग्वाल्हेरचे गाणे जिंकणाऱ्यांच्या राजधान्यांत जाऊन बसले.

१५१६ मध्ये मानसिंहाचा मृत्यू झाला. पुत्र विक्रमादित्याने झुंज दिली, पण १५१८ च्या सुमारास गड लोदीकडे गेला. तोच विक्रमादित्य १५२६ मध्ये पानिपतावर लोदीच्या बाजूने लढताना पडला. एकाकी पडलेल्या राज्याचा हा शेवट मनाला चटका लावतो. मात्र वंशाचा स्वाभिमान विझला नव्हता. मानसिंहाचा नातू रामशाह तोमर मेवाडच्या आश्रयाला गेला आणि १५७६ मध्ये हळदीघाटीच्या रणांगणावर आपल्या तीन पुत्रांसह धारातीर्थी पडला. तेथील रक्ततलाईजवळच्या छत्र्या आजही त्यांची आठवण देतात.

फोडलेली मुखे, न तुटलेली परंपरा

सप्टेंबर १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला. त्याच्या आत्मचरित्रात या भेटीचे वर्णन आहे आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहे. मानसिंहाचे प्रासाद पाहून तो प्रभावित झाला. भिंतीवरील केळीच्या झाडांची त्याने आवर्जून नोंद केली. उरवाहीचे स्थळही त्याला बरे वाटले. दोष दिसला तो मूर्तींचा. त्या फोडण्याचा हुकूम आपणच दिला, असे तो स्वतः लिहितो. यावर कोणी वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. हुकूम देणाऱ्यानेच साक्ष दिली आहे.

मूर्ती इतक्या प्रचंड होत्या की त्या नष्ट करता आल्या नाहीत. मुखे आणि अवयव फोडले गेले. आणि पुढे काय झाले? जैन समाजाने चुन्याच्या गिलाव्याने त्यांतील अनेक मुखे पुन्हा घडवली. कोणा सम्राटाची आज्ञा नव्हती, खजिन्यातून पैसा नव्हता. ज्यांनी दिव्याला तेल दिले होते, त्यांच्याच परंपरेतील समाजाने मूर्तीला मुख दिले. विध्वंसाचा इतिहास आपण विसरू नये. परंतु या पुनर्निर्माणाचा इतिहास त्याहून अधिक लक्षात ठेवावा. पहिल्यातून वेदना मिळते, दुसऱ्यातून कामाची प्रेरणा मिळते.

मोगलांच्या काळात हा गड राजबंद्यांचा तुरुंग झाला. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद १६६१ मध्ये येथेच मारला गेला. पण याच कारागृहात शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीरने ठेवले होते. सुटकेची वेळ आली तेव्हा गुरूंनी एकट्याने बाहेर पडण्यास नकार दिला आणि आपल्याबरोबर ५२ राजांना मुक्त केले, अशी शीख परंपरा आहे. गडावरील ‘दाता बंदी छोड’ गुरुद्वारा त्याचे स्मारक आहे. दिवाळीच्या दिवशी शीख बांधव ‘बंदी छोड दिवस’ साजरा करतात, त्याचा उगम या टेकडीवर आहे. सूर्यमंदिर, विष्णुमंदिर, तीर्थंकर आणि गुरुद्वारा, सगळे एकाच टेकडीवर! भारताची सांस्कृतिक एकता शोधायला आणखी कोठे जायचे?

ग्वाल्हेर आणि महाराष्ट्र

अठराव्या शतकात या गडावर शिंद्यांचा भगवा फडकला. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रज अधिकारी पॉपहॅम याने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून गड घेतला. १७८३ मध्ये महादजी शिंद्यांनी तो परत जिंकला. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपली छावणी पायथ्याशी स्थिर केली. त्या लष्करी छावणीचेच आजचे शहर ‘लश्कर’. जून १८५८ मध्ये झाशीची राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. शिंद्यांचे सैन्य स्वातंत्र्याच्या बाजूला आले, महाराज मात्र आग्र्याला गेले. त्याच महिन्यात राणी लक्ष्मीबाईंनी या भूमीवर देह ठेवला. फूलबागेतील त्यांच्या समाधीसमोर उभे राहिल्यावर समोर गड दिसतो. इंग्रजांनी तो गड स्वतःकडे ठेवला आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत दिला.

परंतु महाराष्ट्राला ग्वाल्हेरने जे दिले, ते या लढायांच्या पलीकडचे आहे. मानसिंहाने लावलेल्या संगीताच्या वेलीला बेहटच्या तानसेनाच्या रूपाने फूल आले. अकबराच्या दरबारातील गायक-वादकांची यादी ‘ऐने-अकबरी’त आहे आणि त्यांतील अनेकांच्या नावापुढे ग्वाल्हेरचा निर्देश आहे. तानसेनाची समाधी मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी याच गावात आहे, आणि दरवर्षी डिसेंबरमध्ये तेथे तानसेन समारोह होतो.

शिंद्यांच्या काळात त्या ध्रुपदाच्या मातीत ख्याल रुजला. नत्थन पीरबख्श आणि त्यांचे वंशज हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ यांनी ग्वाल्हेरची ख्याल गायकी घडवली. या उस्तादांनी मराठी ब्राह्मण मुलांना शिकवले, आणि त्या मुलांनी गुरूला देव मानले. हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे पोहोचला तो गाण्यासाठी घर सोडून वणवण केलेला दक्षिण महाराष्ट्रातील एक तरुण, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. गुरूची सेवा करून त्याने ती विद्या मिळवली आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठावर आणली. मिरजेत त्यांच्याकडे एक मुलगा आला. फटाक्याच्या अपघातात त्याची दृष्टी अधू झाली होती. त्याचे नाव विष्णू दिगंबर पलुसकर.

येथे इतिहासाने मोठे वळण घेतले. तोपर्यंत गाणे संस्थानिकांच्या दिवाणखान्यात होते. पंडित पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेही एखाद्या संस्थानिकाच्या भरवशावर नव्हे, तर समाजाच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर. शुल्क भरून कोणत्याही घरातला मुलगा शिकू शकेल, मुलीही शिकू शकतील, अशी व्यवस्था केली. स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली, रामनाम घरोघरी पोहोचवले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ मध्ये काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पंडितजींनी गाणे थांबवले नाही. ते पूर्ण केले. तो स्वर कोठून आला होता? त्याची गुरुपरंपरा ग्वाल्हेरच्या गडाच्या पायथ्याशी पोहोचते. पण त्याच परंपरेच्या मुळाशी हद्दू-हस्सू खाँ हे मुसलमान उस्ताद आहेत, हेही आपण कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मातृभूमीच्या वंदनेला विरोध झाला तेव्हा पलुसकर ठाम राहिले. विद्येचे ऋण मानताना त्यांनी कधी गुरूच्या गुरूची उपासना विचारली नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसात असू शकतात, नव्हे असायलाच हव्यात.

पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ नंतर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या रूपाने ते कार्य देशभर नेले. आज आपल्या घरातील मुलगी ‘प्रारंभिक’ची किंवा ‘विशारद’ची परीक्षा देते, तेव्हा ती त्याच साखळीतील एक कडी असते. इकडे खुद्द ग्वाल्हेरमध्ये शंकरराव पंडित, कृष्णराव शंकर पंडित, राजाभैया पूछवाले यांनी ती ज्योत सांभाळली, आणि पंडित भातखंडे यांनी १९१८ मध्ये तेथे माधव संगीत विद्यालय सुरू करून दिले. गुजरी महालातील पुरातत्त्व संग्रहालयही एका मराठी विद्वानाचे ऋण सांगते. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी १९२० मध्ये ते उभे केले. ग्यारसपूरची जगप्रसिद्ध शालभंजिका तेथेच आहे.

आपले काम

मित्रहो, आता या कथेचा हिशेब मांडू या. प्रतिहार, कच्छपघात, तोमर, लोदी, मोगल, इंग्रज, सर्वांची सत्ता या गडावरून गेली. काय उरले? सास-बहूचे शिखर उरले नाही. मूर्तींची मुखे आघाताच्या खुणा बाळगून आहेत. मानमंदिराच्या अनेक फरशा गळून पडल्या आहेत. म्हणजे जे केवळ भिंतीत होते, ते त्या त्या भिंतीच्या नशिबाने जगले किंवा मेले. परंतु जे समाजाच्या हाती सोपवले गेले, ते टिकले. माळ्याने माळ गुंफली, श्रावकाने मुख घडवले, शिष्याने गळा तयार केला, शिक्षकाने वर्ग चालवला. म्हणून वारसा जिवंत राहिला. राजाने आरंभ करावा आणि समाजाने पुढे न्यावे, हे गोपाचलाचे सांगणे आहे.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली आणि २०२४ मध्ये हा दुर्ग भारताच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला. आनंद आहे. पण जगाने शिक्का मारला म्हणून वारसा जगत नाही. आज धोका बाबराचा नाही, आपल्या उदासीनतेचा आहे. ज्या दगडावर शून्य कोरले आहे त्याच्या शेजारून आपली मुले भ्रमणध्वनीवर स्वतःचे छायाचित्र काढत निघून जातात, आणि कित्येक गडांच्या भिंतींवर स्वतःची नावे कोरून येतात. मूर्तीवर घाव घालणाऱ्याला आपण आक्रमक म्हणतो. मग नाव कोरणाऱ्या हाताला काय म्हणावे, हे प्रत्येक पालकाने मुलाला विचारावे.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, वर्षातून एकदा कुटुंबासह एका गडावर जावे, आणि तेथील एक तरी शिलालेख, एक तरी मूर्ती समजून घेऊनच उतरावे. जे ठाऊक नाही ते फुगवून सांगू नये. जे ठाऊक आहे ते नेमके सांगावे. दुसरी, प्रत्येक शाखेने, मंडळाने आपल्या परिसरातील एका उपेक्षित वास्तूची स्वच्छता, नोंद आणि पहारा ही जबाबदारी घ्यावी. डागडुजी मात्र जाणकारांच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनेच करावी. भक्तीच्या भरात लावलेला तैलरंगही मूर्तीला मारक ठरतो. तिसरी, घरात आठवड्यातून एकदा तरी शास्त्रीय संगीत ऐकले जावे आणि गावातील संगीतवर्ग बंद पडू देऊ नये. विद्यार्थी चारच असले तरी चालेल. बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरहून परतले तेव्हा ते एकटेच होते.

अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी गोपाद्रीवरच्या माळ्यांनी रोज ५० माळांचा संकल्प केला होता. तो त्यांनी कोणावर उपकार म्हणून केला नव्हता. देव आपला आहे, गड आपला आहे, या भावनेने केला होता. आपल्या वाट्याला पन्नास नाही, एकच माळ आली तरी ती रोज गुंफावी, एवढेच मागणे आपणांपाशी मागतो आणि माझे बोलणे संपवतो.